पिकअपला दम हवा असेल तर आधी पाईप बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपराच्या आत घातलेलं एक पिवळं पत्रक आमच्याकडे आलं, जुनी पिकअप घाटात ओढत नाही का, एक डबी बसवा आणि ताकद तीस टक्के वाढवा, खाली मोबाईल नंबर आणि जवळजवळ सगळ्या कॉमन रेल (म्हणजे कॉम्प्युटर डिझेल सोडतो त्या) गाड्यांची नावं. पत्रक एजंटाने परस्पर घातलं असणार, तुमच्या ऑफिसचा त्यात काही संबंध नसेल हे मला कळतं, पण आमच्या भागात घरटी नाही तरी वाडीमागे दोन-तीन पिकअप आहेत आणि आंब्याचा सीझन तोंडावर आलाय, पेपरातून आलंय म्हणजे खरं असेल असं समजून चार पोरं तरी पैसे घालवतील म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. थोडं लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

ती डबी मी बसवली होती. माझी गाडी २०१७ ची, बीएस फोर (धुराच्या त्या वेळच्या नियमातली), अडीच लिटरचं, हवा दाबून आत भरणाऱ्या टर्बोवालं कॉमन रेल इंजिन, सत्तर-पंचाहत्तर हॉर्सपॉवरच्या आसपासचं. पावस-रत्नागिरी बाजूचा आंबा भरायचा, हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्याला यायचं आणि आंबा घाट चढून मलकापूरवरून कोल्हापूर मार्केट, येताना पेंड नाहीतर गूळ नाहीतर भाजी, असं आमचं चालतं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गाडी घाटात एकदम बसायला लागली, पूर्वी जिथे थर्डवर आरामात चढायची तिथे सेकंड, मग फर्स्ट, मागे काळा धूर एवढा की मागचा बाईकवाला थांबून राहायचा. पहाटेच्या लिलावाला एक तास उशीर झाला तरी भावात फरक पडतो, आणि तो फरक बागायतदार आपल्याला बोलून दाखवतो. त्या घाईत मी एका दुकानात गेलो, त्यांनी बॉनेट उघडून नीट बघितलंसुद्धा नाही, वायरिंगला एक काडेपेटीच्या दुप्पट आकाराची डबी जोडली आणि चौदा हजार घेतले.

पहिले आठ दिवस खरंच गाडी हलकी वाटली, हे खोटं बोलणार नाही. आठ दिवसांनी धूर आणखी वाढला, अॅव्हरेज उतरलं, मग चेक इंजिनचा दिवा लागला, आणि एका रात्री भरलेल्या गाडीने घाटाच्या मधोमध असा दम सोडला की अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी रांगतच वर गेली. नोझल, म्हणजे सिलेंडरात डिझेल फवारणाऱ्या तोट्या, काढून लॅबला दिले तर दोन गेलेले. नोझल, खोलफिट, टोचन, चार दिवस गाडी उभी, सीझनमधली चार भाडी गेली ती वेगळीच, सगळं मिळून माझं पन्नास हजाराच्या वर नुकसान झालं. आणि मूळ दुखणं तसंच राहिलं होतं, नवे नोझल घालूनसुद्धा गाडी ओढेना.

ते दुखणं सापडलं मलकापूर बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. त्यांनी ना लॅपटॉप काढला ना काही, पोराला अॅक्सिलरेटर मारायला लावून टर्बोकडून मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या तोंडाकडे, जाणाऱ्या रबरी पाईपवरून हात फिरवला आणि क्लिपच्या बरोब्बर खाली बोट ठेवलं. पाईपला बोटभर चीर, आजूबाजूला तेलकट ओघळ. मग एअर फिल्टर उघडला, तर आतून लाल. आमच्या रस्त्याचं चौपदरीकरण चालू आहे, डोंगर फोडून मातीचे डंपर दिवसरात्र फिरतायत, ती सगळी माती माझ्या फिल्टरात बसलेली, मी मात्र कंपनीने पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर विसंबून होतो. पाईप, क्लिप, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि त्यांची मजुरी धरून साडेतीन हजारही झाले नाहीत, आणि त्या रात्री गाडी आंबा घाटाच्या वळणांवर थर्डमध्ये चढली. चौदा हजाराची डबी मी घरी आणून माळ्यावर टाकली.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की कोणी फसवू शकत नाही. इंजिनाला ताकद डिझेलमधून मिळते हे सगळ्यांना माहीत आहे, पण डिझेल जाळायला हवा लागते आणि ती किती लागते याचा अंदाज नसतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर डिझेलला बारा किलो हवा, आणि बारा किलो हवा म्हणजे अंदाजे दहा हजार लिटर, आपल्या गावातल्या पाण्याच्या मोठ्या टँकरएवढी. हे कमीत कमी झालं, डिझेल इंजिन नेहमी त्याहून जास्तच हवा घेतं. ही सगळी हवा त्या एका कागदाच्या फिल्टरातून आणि एका रबरी पाईपातून जाते. टर्बो तिला दाबून आत ढकलतो, पण पाईपला चीर असली की दाबलेली हवा तिथूनच बाहेर, आणि सिलेंडरला मिळते अर्धवट. मग आलेलं डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी होते, तोच काळा धूर. थोडक्यात काळा धूर दिसला की समजायचं इंजिन हवेसाठी तडफडतंय, डिझेल त्याला आधीच जास्त होतंय.

आणि डबी काय करते, तर डिझेल आणखी वाढवते. कॉमन रेलमध्ये हाय प्रेशर पंप डिझेल दाबून एका जाड नळीत भरून ठेवतो, तीच रेल, आणि तिथून कॉम्प्युटर सांगेल तेव्हा नोझल उघडतं. या जुन्या गाड्यांत जोर लावल्यावर हे प्रेशर हजार-दीड हजार बारच्या घरात जातं, आपल्या चाकात हवा चार-पाच बार असते यावरून अंदाज करा. रेलवर एक सेन्सर असतो तो कॉम्प्युटरला प्रेशर सांगतो. स्वस्तातली डबी या सेन्सरच्या वायरमध्ये बसते आणि खरं आहे त्यापेक्षा कमी प्रेशर सांगते, म्हणजे सरळ खोटं बोलते. कॉम्प्युटर बिचारा समजतो प्रेशर पडलं, तो पंपाला आणखी दाबायला लावतो, तेवढ्याच वेळात नोझलातून जास्त डिझेल जातं. हवा पुरेशी असेल तर थोडी ताकद वाढते हे खरं आहे. पण हवा कमी असेल तर धूर, उष्णता, पिस्टनवर आणि टर्बोवर मार, आणि पंप-नोझल आपल्या ताकदीबाहेर काम करतायत. दोन लाख किलोमीटर झालेल्या नोझलावर हा भार टाकणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला पराणी टोचण्यासारखं आहे.

म्हणून माझं सगळ्या पिकअपवाल्यांना सांगणं आहे, नवीन ताकद विकत घ्यायच्या आधी आपल्याच गाडीची हरवलेली ताकद शोधा, ती बहुतेक वेळा हजार-पाचशेच्या वस्तूत अडकलेली असते.

एअर फिल्टर आमच्यासारख्या धुळीच्या रस्त्यावर दर आठवड्याला उघडून बघा. हवा मारायची तर आतून बाहेर आणि लांबून हळू मारायची, बाहेरून जोरात मारली की कागदात धूळ आणखी रुतते नाहीतर कागद फाटतो. दोन-तीनदा झटकून झाला की नवीन घाला. काहीजण फिल्टरच काढून गाडी पळवतात, मोकळा श्वास मिळतो म्हणतात, त्यांनी एकदा टर्बोचं पातं वाळूने कसं खाल्लं जातं ते बघावं. मग पाईप. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) असेल तर तिथपर्यंत आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक जोड बोटाने दाबून बघायचा, कुठे तेलकट ओघळ दिसला की तिथे हवा गळते, संशय आला तर साबणाचं पाणी लावून एकाने अॅक्सिलरेटर मारायचा, बुडबुडे येतात. चढावर जोर लावला की सूंऽऽ असा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो टर्बो चांगला चालल्याचा आहे असं समजून खूश होऊ नका, ती गळती असू शकते. ज्यांच्या गाडीत टर्बोची दांडी किंवा इजीआर (धूर परत फिरवणारा व्हॉल्व्ह, त्याचं पुढे सांगतो) व्हॅक्युमवर चालतो त्यांनी त्या पेन्सिलएवढ्या बारीक काळ्या नळ्यासुद्धा बघाव्यात, इंजिनाच्या उष्णतेने त्या कडक होऊन तडकतात, मीटरभर नळी घेतली तरी शंभर रुपयांच्या आत काम होतं आणि त्या एका नळीपायी लोकांनी टर्बो बदलल्याचं मी पाहिलंय.

इजीआरबद्दल जरा जास्त सांगतो कारण त्यात खूप गैरसमज आहेत. धुराड्यातला थोडा धूर परत इंजिनात फिरवायचा हे त्याचं काम, त्याने जळण्याची उष्णता खाली राहते आणि विषारी वायू कमी होतात. भरधाव जोर लावताना तो बंद व्हायला हवा. पण काजळी बसून बसून तो अर्धवट उघडाच अडकतो, मग चढावर ताज्या हवेच्या जागी धूर आत येतो आणि गाडी बसते. गॅरेजवाले पत्र्याची चकती मारून तो कायमचा बंद करून देतात, दोनशे रुपयांत. मी म्हणतो तेवढ्याच मेहनतीत तो काढून साफ करा, मॅनिफोल्डच्या तोंडाला बसलेली डांबरासारखी काजळी खरवडा, गाडी तशीच ओढते आणि दिवाही लागत नाही, शिवाय घाटातल्या वाड्यांमधल्या पोराबाळांच्या छातीत आपला धूर कमी जातो.

डिझेलच्या बाजूला फिल्टर आणि त्यातलं पाणी. फिल्टरच्या खाली पाणी सोडायचा स्क्रू असतो, कोकणातल्या पावसात तो महिन्यातून एकदा तरी सोडायलाच हवा. कॉमन रेलच्या पंपाला आणि नोझलला वेगळं ऑईल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण, आणि आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या, केसाहून कितीतरी बारीक. जुन्या पंपाच्या गाडीत लोक रॉकेल मिसळायचे आणि गाडी चालायची, ती सवय कॉमन रेलच्या गाडीत अजिबात नको, रॉकेलाला डिझेलाचा चिकटपणा नाही, पंप आतून घासला जातो आणि त्याचा चुरा नोझलपर्यंत पोचतो. चाळीस-पन्नास हजाराचं काम होतं ते. नोझलवर संशय असेल तर लगेच काढून लॅबला पळू नका, आधी रिटर्नची टेस्ट करायला लावा, चारी नोझलच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि गाडी थोडा वेळ चालवायची, जी बाटली बाकीच्यांच्या कितीतरी पुढे भरते ते नोझल गळतंय. चार बाटल्या आणि नळीचे तुकडे, एवढाच खर्च.

दिवा लागलेला असेल तर स्कॅनर लावा. आमच्याकडे तीनशे-पाचशे घेतात. दिवा लागलेला असताना बऱ्याचदा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला स्वतःहूनच ताकद कापून ठेवतो, लिंप मोड म्हणतात, तोपर्यंत तुम्ही कितीही फिल्टर बदला गाडी ओढणार नाही. पण नुसता कोड पुसून घेऊन येऊ नका, कोड कशामुळे आला ते विचारा.

आणि काही वेळा इंजिनाचा काहीच दोष नसतो. ब्रेक चिकटलेले असतात. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमी वापरून गाडी थांबवा आणि चारी चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ते तुमची ताकद खातंय. क्लच घसरत असेल तर आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही, वास येतो. टायर दिसायला भारी म्हणून मोठे घातले असतील तर तिथेही ओढ कमी होते, चाक पाच टक्के मोठं झालं की त्याच गिअरमध्ये जमिनीवरचा जोर पाच टक्के कमी, सरळ हिशेब आहे. दुपारच्या उन्हाचंही असतं. पंचवीस डिग्रीची हवा चाळीसवर गेली की तेवढ्याच जागेत पाच टक्के हवा कमी मावते, म्हणून आंबा रात्री भरून घाट पहाटेच्या आत चढायचा हा जुन्या ड्रायव्हरांचा रिवाज फळासाठी आहे तसाच इंजिनासाठीही आहे.

आता वजनाचं. हे कोणाला आवडणार नाही पण सांगतो. माझा पुतण्या डिप्लोमाला आहे, त्याने मला वहीवर मांडून दाखवलं. गाडी आणि माल मिळून तीन टन, शंभर मीटरला सहा मीटर चढ, वेग ताशी चाळीस, तर नुसतं वर चढायला आणि टायर फिरवायला चाकावर बत्तीस हॉर्सपॉवर लागते. त्यात आणखी पाचशे किलो टाकले की पाच हॉर्सपॉवर वाढीव लागते. म्हणजे पासिंगच्या वर भरलेले पाचशे किलो उतरवले की तुम्हाला पाच हॉर्सपॉवर फुकट मिळाली, आणि ती डबीतल्या पाच हॉर्सपॉवरसारखी नोझल खाऊन मिळालेली नाही. ओव्हरलोडचा दंड वीस हजारापासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, तो तर वेगळाच. मला माहीत आहे भाडं क्रेटवर ठरतं, कमी भरलं तर परवडत नाही, मी पण त्याच धंद्यात आहे. पण घाटात ब्रेक तापून गाडी सुटलेली मी डोळ्याने बघितली आहे, येताना उतारावर पेंड भरून, आणि त्यानंतर मी पासिंगच्या वर भरणं सोडलं. महिन्याला दोन खेपा जास्त होतात, झेपतात.

कायद्याचंही पत्रकवाल्याने लिहिलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंद आहे त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परवानगीशिवाय मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ कलमात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे. पीयूसीला बीएस फोर डिझेल गाडीचा धूर मशीनवर १.६२ च्या आत लागतो, त्याआधीच्या गाड्यांना २.४५ पर्यंत चालतो. माझी गाडी डबी असताना पास झाली नव्हती, पाईप बदलल्यावर पहिल्या फेरीत झाली. अपघात झाला आणि विम्याच्या माणसाला अशी वायर कापून जोडलेली डबी दिसली तर तो क्लेममध्ये खोड काढणारच, मग नुकसान डबीवाला भरून देणार आहे का, हे पत्रकावरच्या नंबरला फोन करून प्रत्येकाने विचारावं.

रिमॅपिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅमच बदलणं, हे सगळंच थोतांड असं माझं म्हणणं नाही. जाणकार माणसाने, इंजिन पूर्ण ठणठणीत असताना, हवा-डिझेल-टर्बो तिघांचा मेळ घालून केलेलं काम वेगळं असतं, त्याने टर्बो डिझेलची ताकद वाढते हे जगभर दिसलंय. पण ते काम चौदा हजाराच्या डबीत येत नाही, जुना क्लच आणि जुना गिअरबॉक्स वाढीव ओढ किती दिवस सोसणार हा प्रश्न राहतो, आणि कायद्याची अडचण त्यालाही सुटत नाही. भाड्याच्या गाडीला ते परवडत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय.

साहेब, तुमच्याकडे दोन विनंत्या. एक म्हणजे पत्रक घालणाऱ्या एजंटांना अशा जाहिरातींबद्दल जरा सांगा, गाडीवर कर्ज असलेली पोरं आहेत आमच्याकडे, हप्ता बुडाला की गाडी ओढून नेतात. दुसरी, तुमच्या शेतीच्या पानावर आंब्याच्या फवारणीचं वेळापत्रक येतं, त्याच्या शेजारी सीझनच्या आधी पंधरा दिवस मालवाहू गाडीच्या देखभालीचं एखादं सदर चालवा, कुठला फिल्टर कसा बघायचा, साबणाच्या पाण्याची टेस्ट कशी करायची, फोटोसकट. आणि आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड असतो, तिथे सरांनी मनावर घेतलं तर मार्च महिन्यात एक रविवार पिकअपवाल्यांना बोलवून पोरांच्या हातून गाड्या तपासून घ्याव्यात, पोरांना खऱ्या गाडीवर हात बसेल आणि आम्हाला आमचं दुखणं घाटाच्या आधी कळेल. जागा, चहा-नाश्ता आणि बाटल्यांचा खर्च मी आणि आमच्या स्टँडवरचे सहा-सात जण मिळून करायला तयार आहोत, कुठल्या आयटीआयला रस असेल तर तुमच्या ऑफिसमार्फत निरोप द्या, मी गाडी घेऊन हजर होतो, ती माळ्यावरची डबीपण आणतो, पोरांना उघडून आत काय आहे ते बघू दे.

आपला,
एक पिकअपवाला
साखरपा परिसर, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी